पाँपेई एका क्षणात गाडलं गेलं नाही

इटलीतल्या पाँपेई या प्राचीन रोमन शहराबद्दल सध्या एक मजकूर बराच फिरतो आहे: ‘इ.स. ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या लाव्हाने पाँपेई एका क्षणात गाडलं. माणसं होती तशीच दगड झाली. प्लिनीची पत्रं नसती तर हे कुणाला कळलंही नसतं.’

आधी लाव्हा. सह्याद्रीचा कातळ वाहत्या लाव्हाचा, त्यामुळे ज्वालामुखी म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर तोच येतो. पाँपेईवर मात्र आभाळातून प्युमिस पडला: वायूंनी फुगलेला, पाण्यावर तरंगणारा सच्छिद्र दगड. पाय घासायला बाजारात मिळतो, तोच. तिथे त्याचा पावणेतीन मीटरच्या आसपास थर आहे. खाली पांढरा, वर राखाडी.

आता ‘एका क्षणात’. हा थर साचायला अंदाजे १८ तास लागले. वाऱ्याने प्युमिस आग्नेयेकडे नेला. ठिकठिकाणी थराची जाडी आणि त्यातल्या जड खड्यांचा आकार मोजून अभ्यासकांनी उद्रेकात वर उठलेल्या राख-वायूंच्या स्तंभाची उंची काढली: पांढऱ्या प्युमिसच्या वेळी सुमारे २६ किलोमीटर, राखाडीच्या वेळी ३२. एवढ्या तासांत पुष्कळ लोक निसटले. राहिलेल्यांपैकी अनेकांचा जीव कोसळत्या छपरांनी घेतला. अभ्यासलेल्या १,०४४ मृतांपैकी ३९४ प्युमिसच्याच थरात सापडले. दुसऱ्या दिवशी सकाळी आले ते तप्त राख आणि वायूंचे लोट. झटपट मारणारे होते ते हेच. उरलेले ६५० त्यांच्या थरांत आहेत.

दगड कुणीच झालं नाही. बारीक राख देहाभोवती घट्ट बसली, देह कुजला, पोकळी उरली. तिच्यात प्लास्टर ओतून पुतळा काढायची पद्धत पुरातत्त्वज्ञ फिओरेल्लीने १८६३ मध्ये रुळवली. सुट्या प्युमिसात अशी पोकळी टिकत नाही, तिथे नुसते सांगाडे मिळतात. म्हणजे ज्या पुतळ्यांचे फोटो आपण पाहतो, त्यांत प्युमिसाखाली मेलेली माणसं जवळपास नाहीतच.

राहिला प्लिनी, या उद्रेकाबद्दल पत्रं लिहिणारा रोमन लेखक. त्याची पत्रं अमोल आहेत, वादच नाही. पाँपेईजवळच्या स्टाबियात डोक्याला उशा बांधून बाहेर पडणारी माणसं त्याच्यामुळेच कळतात. पण तो स्वतः व्हेसुव्हियसपासून सुमारे ३० किलोमीटरवर मिसेनमला होता आणि पत्रांत पाँपेईचं नावही नाही. शिवाय याच ज्वालामुखीचा सुमारे ४,००० वर्षांपूर्वीचा आव्हेल्लिनो उद्रेक घ्या. त्याबद्दल कुणीच काही लिहून ठेवलेलं नाही. तरी तेव्हाचा प्युमिस ईशान्येकडे गेला हे थरांवरून कळतं, आणि पळणाऱ्या माणसांच्या पावलांचे ठसेही त्या राखेत सापडले आहेत.