खुळखुळा वाजला नाही म्हणजे रॅटलस्नेक नाही, असे नव्हे

‘रॅटलस्नेक चावण्यापूर्वी शेपटी वाजवतोच आणि शेपटीच्या कड्या मोजल्या की त्याचे वय कळते’, असा संदेश अमेरिकेतील मराठी मंडळींमध्ये फिरत आहे. रॅटलस्नेक म्हणजे शेपटीच्या टोकाला कड्यांचा खुळखुळा असलेला अमेरिकेतील विषारी साप; त्याच्याविषयीची ही दोन्ही विधाने चुकीची आहेत.

ॲरिझोनातील घराचे अंगण असो वा पूर्वेकडील जंगलातील पायवाट, या सापाचा पहिला बचाव म्हणजे पाचोळ्यात वा दगडांत मिसळून निश्चल पडून राहणे हा असतो, आणि अचानक पाय पडल्यास तो काहीही न वाजवता दंश करू शकतो. नवजात पिलाच्या शेपटीला तर एकच कडी असते, त्यामुळे तिचा आवाजच होत नाही. विष मात्र जन्मापासून असते. केराटिनची (आपली नखे ज्याची असतात त्या द्रव्याची) नवी कडी दर कात टाकण्याबरोबर वाढते, कात वर्षातून अनेकदा टाकली जाऊ शकते आणि टोकाकडच्या कड्या तुटूनही जातात, मग वयाचा हिशेब लागणार कसा? (शिवाय त्या मोजायला इतक्या जवळ जावेच कशाला?)

आपल्याकडचे फुरसेही खवले घासून करकर आवाज करते, पण त्याच्याही इशाऱ्यावर कोकणात कोणी विसंबत नाही.

दंश झाल्यास जखम कापू वा चोखू नये, आवळपट्टी बांधू नये. ९११ या अमेरिकेतील आपत्कालीन क्रमांकावर फोन करून तातडीने रुग्णालय गाठावे.