फीडर लटकत राहिला म्हणून हमिंगबर्ड राहत नाही

ऑगस्ट लागला की आमच्या न्यू जर्सीच्या मराठी ग्रुपवर मोदकांच्या साच्यांच्या चौकशीबरोबर एक मेसेज हमखास येतो. यंदा तो तिघांनी टाकला. मजकूर थोडक्यात असा: हमिंगबर्डसाठी लावलेला साखरपाण्याचा फीडर लेबर डेच्या (सप्टेंबरचा पहिला सोमवार) आत उतरवा आणि बागेतली फुलं छाटून टाका, नाहीतर आयतं खायला मिळतंय म्हणून हे पक्षी दक्षिणेला जायचं विसरतात आणि थंडीत मरतात. त्यांना फक्त लाल रंग दिसतो, म्हणून कुठलंही लाल फूल लावा. साखरेपेक्षा मध किंवा गूळ चांगला, वर थोडा लाल रंग घाला. हे एवढेसे जीव कॅनडा गूज नावाच्या बदकासारख्या मोठ्या पक्ष्याच्या पाठीवर बसून प्रवास करतात. आणि शेवटी, 'आपल्या भारतातही हे दिसतात, चला जपूया.' खाली जोडलेले हात.

आमच्याच गल्लीतल्या एका काकांनी हे वाचून खरोखरच सप्टेंबरच्या पहिल्या शनिवारी फीडर धुऊन गॅरेजमध्ये ठेवला आणि कुंपणालगतचं सगळं 'गवत' उपटलं. ते गवत काय होतं ते पुढे सांगते. पण त्यांचा हेतू चांगला होता आणि नेमका म्हणूनच हा मेसेज मला खटकतो. पक्ष्यांची काळजी असणारी माणसंच तो पाळतात.

पक्षी 'जायचं विसरतात', हा सगळ्यात मोठा घोळ. अमेरिकेच्या पूर्व भागात घरटी करणारा हमिंगबर्ड एकच, रूबी-थ्रोटेड, म्हणजे ज्याच्या नराचा गळा माणकासारखा चमकतो तो. त्याला निघायची वेळ फीडर सांगत नाही, दिवसाची लांबी सांगते. आमच्याकडे जूनअखेर पंधरा तासांचा असलेला दिवस ऑगस्टच्या मध्यावर पावणेचौदा तासांवर येतो. त्या आटत्या उजेडाने शरीरातली संप्रेरकं बदलतात, भूक वाढते, पक्षी अस्वस्थ होतो. पुरावा हवा असेल तर तुमच्याच अंगणात आहे. मोठे नर ऑगस्टच्या सुरुवातीला, काही तर जुलैअखेरीलाच निघतात. तेव्हा ऐन उन्हाळा असतो, बाग फुललेली असते आणि फीडर काठोकाठ भरलेला असतो. अन्नाने पक्षी थांबत असता तर तो तेव्हाच थांबला असता. मागून माद्या जातात आणि सगळ्यात शेवटी त्याच वर्षी जन्मलेली पिल्लं. त्यांना वाट दाखवायला आईबाप नसतात. जो जीव आयुष्यात कधीही न पाहिलेल्या मेक्सिकोकडे एकट्याने निघतो, तो तुमच्या कपभर साखरेपायी बेत रद्द करेल का?

मग सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यातही फीडरवर दिसतात ते कोण? 'बघा, राहिले ना!' असं ग्रुपवर लगेच कोणीतरी लिहितं. तुम्ही उन्हाळाभर पाहिलेले पक्षी बहुधा केव्हाच गेलेले असतात. हे न्यू इंग्लंडहून (अमेरिकेचा ईशान्य कोपरा), कॅनडाहून खाली येणारे वाटसरू. एक जातो, दुसरा येतो आणि सगळे सारखेच दिसत असल्यामुळे आपल्याला वाटतं की एकच पाहुणा मुक्काम ठोकून बसलाय. म्हणजे लेबर डेला फीडर उतरवणं हे मुक्कामाला आलेल्यांना हाकलणं नाही, ऐन वारीच्या दिवसांत वाटेवरचं अन्नछत्र बंद करणं आहे.

आणि त्या वाटसरूला काय लागतं ते पाहा. एरवी हा पक्षी जेमतेम तीन ग्रॅमचा, म्हणजे एक सेंटच्या नाण्याहून किंचित जड. निघण्याआधी तो खाऊन खाऊन चरबी साठवतो आणि वजन पाच-सहा ग्रॅमपर्यंत नेतो. थोडक्यात, उन्हाळ्यात एका सेंटची पेनी आणि निघताना पाच सेंटचं निकेल. साखरेची चरबी करायची, कारण तेवढ्याच वजनाच्या चरबीत साखरेच्या दुपटीहून जास्त ऊर्जा मावते. पुढे मेक्सिकोचं आखात आहे. काही पक्षी ते सरळ ओलांडतात, सुमारे ८०० किलोमीटर, मध्ये टेकायला काही नाही, अठरा-वीस तास अखंड पंख हलवत. बरेचसे किनाऱ्याकिनाऱ्याने टेक्सासमार्गे जातात. टेक्सासच्या रॉकपोर्टला सप्टेंबरात त्यांची एवढी गर्दी होते की गाव दरवर्षी त्यांच्या नावाने उत्सव भरवतं. पलीकडे दक्षिण मेक्सिकोपासून पनामापर्यंत हिवाळा काढायचा. या सगळ्याचं इंधन वाटेतल्या अंगणांत आणि ओढ्याकाठी भरलं जातं.

थंडीचं म्हणाल, तर सप्टेंबरच्या गार रात्री हा पक्षी सहज निभावतो. रात्री तो शरीराचं तापमान आणि हृदयाचे ठोके एकदम खाली आणून जवळजवळ निपचित पडतो आणि सकाळी पुन्हा तापतो. पण त्या तापण्यालाही इंधन लागतं. उजाडताच समोर फूल हवं किंवा फीडर हवा. म्हणून शेवटचा पक्षी दिसल्यानंतर आणखी दोन आठवडे फीडर ठेवावा. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पश्चिमेकडचा रूफस हमिंगबर्ड भरकटत पूर्व किनाऱ्यापर्यंत येतो, दर हिवाळ्याच्या तोंडी असे काही सापडतातच. त्यांना तर तो फीडर फारच उपयोगी.

आता लाल रंग. इथे मेसेज अर्धा बरोबर आहे आणि अर्धसत्य खोडायला नेहमीच जास्त वेळ लागतो. हमिंगबर्डना लाल फुलं आवडताना दिसतात हे खरं. पण कारण वेगळं आहे. मधमाशीला लाल रंग नीट दिसत नाही, त्यामुळे लाल फुलात मकरंद शिल्लक राहायची शक्यता जास्त आणि पक्षी हा हिशेब अनुभवाने शिकतो. 'फक्त लाल दिसतो' हे मात्र साफ उलटं. त्यांना आपल्यापेक्षा जास्त रंग दिसतात, अतिनील किरणंसुद्धा. आमच्याच राज्यातल्या प्रिन्स्टन विद्यापीठाच्या मेरी कॅसवेल स्टॉडर्ड आणि सहकाऱ्यांनी कोलोरॅडोच्या डोंगरात ब्रॉड-टेल्ड हमिंगबर्डवर प्रयोग केले. एका रंगाच्या दिव्याजवळ साखरपाणी, दुसऱ्याजवळ साधं पाणी. हिरवा आणि 'अतिनील-मिश्रित हिरवा' असे जे दोन दिवे आपल्या डोळ्यांना अगदी एकसारखे दिसतात, त्यांतला फरक पक्षी ओळखायला शिकले. हा अभ्यास २०२० साली प्रसिद्ध झाला. माझ्या परसात सप्टेंबरात सगळ्यात जास्त भांडणं होतात ती गडद निळ्या साल्व्हियावरून, 'ब्लॅक अँड ब्लू' नावाने नर्सरीत मिळतो तो.

'कुठलंही लाल फूल' हा सल्ला तर पैसे वाया घालवणारा. दुकानातले लाल गुलाब, लाल जिरेनियम, दुहेरी पाकळ्यांचे भरगच्च प्रकार दिसायला झकास, पण मकरंदाच्या नावाने ठणठणाट किंवा पाकळ्यांच्या गर्दीत चोच शिरायलाच जागा नाही. रंग ही दुकानाबाहेरची पाटी आहे, आत माल हवा ना. फूल नळीसारखं लांबट हवं, तळाशी रस हवा आणि मुख्य म्हणजे ते ऑगस्टच्या मध्यापासून ऑक्टोबरपर्यंत फुलणारं हवं. मे-जूनमध्ये बहरून गेलेल्या बागेचा या वाटसरूंना काय उपयोग?

इथे मला जरा थांबायचंय, कारण काकांनी उपटलेलं 'गवत' म्हणजे ज्यूलवीड. ओढ्याकाठी, कुंपणाच्या ओलसर सावलीत आपोआप उगवणारं, कमरेएवढं वाढणारं, केशरी ठिपकेदार फुलांचं झाड. ते आपल्या तेरड्याचं सख्खं चुलत भावंड आहे, एकाच वंशातलं (इम्पेशन्स). तीच पाणीदार पोकळ खोडं, फुलाच्या मागे तीच वाकडी शेपटी, तिच्यात रस आणि हात लावताच फट्कन फुटणाऱ्या त्याच शेंगा. भाद्रपदात तिकडे गौरींसाठी तेरडा शोधत माणसं माळावर जातात, त्याच आठवड्यांत इकडे ज्यूलवीड ऐन भरात असतं आणि रूबी-थ्रोटेडची मुख्य लाट त्याच्यावरून दक्षिणेला सरकते. फुलाचा बहर आणि पक्ष्याची वाट यांची गाठ इतकी पक्की की पूर्व अमेरिकेत या पक्ष्याच्या परतीच्या प्रवासातलं हे एक महत्त्वाचं अन्न मानलं जातं. फुकट मिळतं, पेरावं लागत नाही आणि आपण ते तण म्हणून उपटतो. (एका वर्षी मी हौसेने गौरीसाठी ज्यूलवीड तोडून आणलं. अर्ध्या तासात मान टाकली. तेरड्याचा रंग तीन दिवस म्हणतात, याचा तीस मिनिटंही नाही. तेव्हा ते ओढ्याकाठीच राहू द्या.)

दुसरं माझं लाडकं म्हणजे कार्डिनल फ्लॉवर. कॅथलिक कार्डिनलांच्या झग्यासारखा लालभडक तुरा, जुलैअखेर ते सप्टेंबर. याला पाय ओले आवडतात, म्हणून पन्हाळीचं पाणी जिथे पडतं तिथे लावलंय. सह्याद्रीत पांढऱ्या फुलांची उंच रानतंबाखू पाहिली असेल, तिचाच हा नातेवाईक.

टेक्सासवाल्यांनी टर्क्स कॅप लावावं. ते पाहून तुम्ही ओरडाल, अरे ही तर आपली मिरची जास्वंद! जवळपास तीच. कधीच पुरती न उमलणारी, पिळलेल्या पाकळ्यांची लाल फुलं, सावलीतही येतात आणि उन्हाळ्याच्या शेवटापासून थंडी पडेपर्यंत थांबत नाहीत. ट्रम्पेट क्रीपरची तुतारीसारखी फुलंही उत्तम, पण तो वेल भाडेकरू म्हणून येतो आणि मालक होऊन बसतो. घराच्या भिंतीपासून लांब ठेवा. कर्दळ आणि झिनिया कुंडीतही चालतात. सुकलेली फुलं खुडत राहिलात तर ऑक्टोबर गाठतात. खुडायची तेवढी सुकलेलीच, अख्खी बाग छाटायची ती हिवाळ्यानंतर.

मध आणि गूळ यांचं पटकन सांगते. आपल्याला पौष्टिक म्हणजे पक्ष्यालाही पौष्टिक, असा हा आजीबाईंचा हिशेब. मध पाण्यात घातला की आंबतो आणि त्यात बुरशी धरते. गुळात लोह असतं, ते या पक्ष्यांना झेपत नाही. यांच्या फुलांतली मुख्य साखर सुक्रोज, तीच आपली साधी पांढरी साखर. एक कप साखर, चार कप पाणी, विरघळेपर्यंत ढवळायचं, गार झालं की भरायचं. रंग नको, मकरंद बिनरंगीच असतो आणि फीडरचं लाल झाकण बोलावण्याचं काम करतं. ऑगस्टच्या उकाड्यात हे पाणी दोन दिवसांत बदला. एवढं जमणार नसेल तर फीडर लावू नका, फुलं लावा.

फुलं लावली तरी कीटकनाशक मारू नका. मेसेजमध्ये याचा उल्लेखच नाही. मकरंदाने ऊर्जा मिळते, पण प्रथिनं मिळतात ती चिलटं, छोट्या माश्या आणि कोळी यांच्यातून. फवारलेल्या बागेत पक्ष्याला नुसतं सरबत मिळतं.

गूजच्या पाठीबद्दल काय बोलू. प्रवासी गूज शरदात उशिरा निघतात, तोवर हमिंगबर्डचा पत्ता नसतो आणि जातही नाहीत मध्य अमेरिकेला. आमच्या ऑफिसच्या पार्किंगमधले तर बारा महिने हलत नाहीत. त्यांच्या पाठीवर बसणारा पक्षी फार तर कॅफेटेरियापर्यंत पोचेल.

राहता राहिलं 'आपल्याकडेही दिसतात'. नाही दिसत. हमिंगबर्डच्या साडेतीनशेहून जास्त जाती आहेत आणि आज त्या सगळ्या फक्त अमेरिका खंडांत. गंमत अशी की फार पूर्वी ते युरोपात होते. जर्मनीत सापडलेल्या सुमारे तीन कोटी वर्षांपूर्वीच्या जीवाश्मांचं वर्णन २००४ साली प्रसिद्ध झालं. पण पुण्याच्या बाल्कनीत जास्वंदीवर येतो तो शिंजीर, म्हणजे सूर्यपक्षी. दोघांचं अलीकडचं नातं काही नाही. सारखं काम करता करता चोच तेवढी सारखी झाली. शिंजीर शक्यतो फांदीवर बसून रस पितो, हमिंगबर्ड हवेत एका जागी थांबून पितो आणि उलटाही उडतो. आणि 'आमच्या अंगणात हमिंगबर्डचं पिल्लू' म्हणून तळेगावहून मावशीने पाठवलेला व्हिडिओ हॉकमॉथचा होता, घाणेरीवर घोंगावणारा पतंग. नीट पाहा, पुढे मिशा दिसतील. पक्ष्याला मिशा नसतात आणि त्याचं पिल्लू उडायला लागतं तेव्हा जवळजवळ आईएवढंच असतं.

काकांना हे सगळं फोनवर सांगितलं. फीडर त्यांनी त्याच संध्याकाळी पुन्हा लावला. ज्यूलवीड मात्र गेलं ते गेलं, मग माझ्याकडे बी मागायला आले. मी त्यांना ओढ्यावर घेऊन गेले. फुगलेली शेंग आधी पूर्ण मुठीत धरायची आणि मगच दाबायची, नाहीतर बी पलीकडच्या काठावर. गोळा केलेलं वाळवून डब्यात ठेवायचं नाही, तिथल्या तिथे कुंपणालगतच्या ओल्या मातीत टाकायचं. त्याला उगवायला अख्खा हिवाळा थंडीत काढावा लागतो.