जोडीने टस्कनी, तेही एका दिवसात

इटलीच्या टस्कनी प्रांतात, सिएना शहराच्या दक्षिणेला, वाल द'ओर्चा नावाचे खोरे आहे. २००४ साली युनेस्कोने ते जागतिक वारशाच्या यादीत घातले. आपण फ्लॉरेन्समध्ये मुक्कामी असाल, जोडीदार सोबत असेल आणि युरोपच्या धावत्या सहलीत एक दिवस कसाबसा मोकळा निघत असेल, तर या खोऱ्याला न्याय देण्याचा मार्ग एकच आहे, तो म्हणजे मोंताल्चिनो, सान क्विरिको, बान्यो विन्योनी, पिएन्झा आणि मोंतेपुल्चानो ही पाचही गावे सूर्यास्ताआधी उरकणे. एखादे गाव गाळण्याचा मोह झालाच, तर परतल्यावर 'अरेरे, तिथे नाही गेलात?' असे विचारणारे नातलग आठवावेत.

तारीख शक्यतो १५ ऑगस्टची निवडावी. आपल्याकडे त्या दिवशी सुट्टी असते. इटलीतही 'फेरागोस्तो'ची सुट्टी असल्यामुळे अर्धी इटली आपल्या सोबतीला रस्त्यावर असते. छायाचित्रांतल्या मखमली हिरव्या टेकड्या एप्रिल-मेमधल्या गव्हाच्या असतात, ही क्षुल्लक बाब जोडीदाराला आधी सांगू नये. ऑगस्टमध्ये कापणी होऊन गेलेली असते आणि नांगरलेल्या चिकणमातीची करडी ढेकळे क्षितिजापर्यंत पसरलेली दिसतात. तीही सुंदर असतात, पण ते पटवून देण्यासाठी लग्नाला किमान काही वर्षे व्हावी लागतात.

गाडी भाड्याची घ्यावी आणि ती गिअरची आहे की स्वयंचलित, हे ताब्यात घेईपर्यंत विचारू नये. एकाने चालवावे, दुसऱ्याने नकाशा पाहावा. सप्तपदीत न कळलेला जोडीदाराचा स्वभाव, वर्तुळाकार चौकातला तिसरा फाटा हुकल्यावर लख्ख कळतो.

निसर्गदर्शनासाठी थांबण्याच्या जागा ठरलेल्या आहेत, त्यामुळे डोळ्यांना शोध घेण्याचा त्रास नाही. सान क्विरिकोजवळ सुरूच्या झाडांच्या दोन झुपक्यांमधले वितालेताचे चिमुकले प्रार्थनामंदिर आहे. तिथे 'फक्त आपण दोघे' असे छायाचित्र काढण्यासाठी इतर जोडप्यांच्या मागे शांतपणे रांगेत उभे राहावे. ला फोचे इथला, सुरूंच्या दुतर्फा रांगांतून टेकडीवर चढत जाणारा नागमोडी रस्ता पाहून 'किती प्राचीन!' असे म्हणण्याची पद्धत आहे. तो रस्ता, आयरिस आणि अंतोनियो ओरिगो या दांपत्याने १९२४ साली तिथली ओसाड इस्टेट विकत घेतल्यानंतर आखला गेला, म्हणजे तो पुण्या-मुंबईतल्या कित्येक वाड्यांहून तरुण आहे. ही माहिती मनातच ठेवावी.

टेकडीच्या माथ्यावरचे एकटे दगडी घर दिसले, की 'आपण इथेच राहायचं का?' हा प्रश्न येतोच. अशा वेळी उत्तर द्यावे, इतिहास सांगू नये. या घरांच्या तळमजल्यावर बैल बांधलेले असत, वर कुळाचे भलेमोठे कुटुंब राहत असे आणि पिकातला निम्मा वाटा जमीनमालकाकडे जात असे. 'मेझ्झाद्रिया' नावाची ही पद्धत शतकानुशतके चालली; नवे करार करण्यावर १९६४ साली बंदी आली आणि उरलेसुरले करार निकाली काढणारा कायदा १९८२ साली झाला. त्याआधीच हजारो कुळांनी घरे सोडून कारखान्यांची वाट धरली होती. ओस पडलेल्या रानांत सार्डिनिया बेटावरचे धनगर मेंढ्या घेऊन आले. ज्या शांततेत आपण हातात हात घालून उभे असतो, ती शांतता माणसे निघून गेल्यामुळे झालेली आहे. हे बोलून दाखवल्यास हात सुटण्याची शक्यता असते.

पिएन्झाला मात्र इतिहासाचा उपयोग करून घेता येतो. १४५८ साली पोप झालेल्या दुसऱ्या पायसने आपले जन्मगाव पुढच्याच वर्षी बेर्नार्दो रोसेल्लिनो या वास्तुशिल्पीकडून नव्याने बांधायला घेतले आणि त्याला स्वतःचे नाव देऊन टाकले. पोप होण्यापूर्वी याच गृहस्थाने सिएनातल्या एका विवाहितेची प्रेमकथा लिहिली होती, हे ऐकून जोडीदाराची कळी खुलेल. लगेच 'चुंबन गल्ली'त जावे. तशी पाटी तिथे खरोखरच आहे, आणि पाटीखाली छायाचित्र काढण्यात सगळे इतके गढलेले असतात, की पाटीवरची सूचना अमलात आणायला कोणालाच सवड नसते.

मुख्य रस्त्यावर चीजची दुकाने आहेत. पेकोरिनो या मेंढीच्या दुधाच्या चीजच्या चकत्या फळ्यांवर रचलेल्या असतात: कुणाची पाठ राखेने काळी, कुणाची टोमॅटो चोळून तांबूस, कुणी अक्रोडाच्या पानांत गुंडाळलेली, आणि आंबूस, मेंढवाड्यासारखा दर्प थेट रस्त्यावर येतो. दुकानदार पातळ काप चाखायला देतो. तो तोंडात ठेवून डोळे मिटावेत आणि नंतर, आपण शाकाहारी असाल तर, दूध कशाने विरजले असे चुकूनही विचारू नये, कारण परंपरेने ते वासराच्या किंवा कोकराच्या जठरातल्या रेनेटने विरजतात.

जेवायला अडीचच्या पुढे जावे, म्हणजे स्वयंपाकघर बंद झालेले असते आणि निवडीचा घोळ उरत नाही. दैव बलवत्तर असेल तर 'पिची' मिळेल. नुसते पीठ आणि पाणी मळून हातावर वळलेला हा जाड पास्ता म्हणजे हातशेवयांची दांडगी थोरली बहीण. लसूण-टोमॅटोच्या रश्श्यात तो अप्रतिम लागतो आणि या सबंध दिवसात थट्टा करू नये अशी एवढीच एक गोष्ट आहे. सोबतचा पाव बिनमिठाचा असतो. तो स्वयंपाक्याचा विसर नव्हे, टस्कनीची रीत आहे. तेव्हा पिशवीतली लोणच्याची बाटली टेबलाखालूनच उघडावी. बिलात प्रत्येकी दोन-तीन युरो 'कोपेर्तो' दिसतील. ते बसल्याबद्दल असतात.

मोंताल्चिनोच्या ब्रुनेल्लो या वाइनला बाजारात येण्यासाठी सुगीनंतरच्या पाचव्या वर्षाची वाट पाहावी लागते. आपल्याला ती पंचवीस मिनिटांत प्यायची आहे. इटलीत चालकाच्या रक्तातल्या मद्यार्काची मर्यादा लिटरला ०.५ ग्रॅम असल्याने एकाने प्यावी आणि दुसऱ्याने प्यालेल्याचे वर्णन ऐकावे. बान्यो विन्योनीत गावचा चौक म्हणजेच गरम पाण्याचा वाफाळता तलाव आहे. त्यात उतरण्यास मनाई आहे, पण बॅगेतून पोहण्याचे कपडे आणणे हा शिरस्ता आहे.

परतताना सिएनाला मुख्य चौकाच्या अगदी जवळ गाडी न्यावी, कारण दिवसभर चालून पाय दुखत असतात. वेशीपाशी लाल वर्तुळाची एक पाटी आणि वर कॅमेरा असतो. जोडीदाराने 'हे काय लिहिलंय?' असे विचारल्यास 'सुस्वागतम्' असे सांगून आत शिरावे. पुढे कित्येक महिन्यांनी, गाडीच्या कंपनीने आपले नाव-पत्ता कळवण्याचे वेगळे शुल्क कार्डावरून कापून घेतल्यानंतर, इटालियन मोहर असलेले पत्र घरी येते. त्यात आपण प्रतिबंधित विभागात शिरल्याची तारीख आणि वेळ मिनिटासह नोंदलेली असते, आणि लवकर भरल्यास दंडात सवलतही देऊ केलेली असते.