लक्ष्मी रोड संपला, असं म्हणण्याआधी

गेले काही महिने एक मजकूर गटागटांतून फिरतोय. मला तो चार वेगवेगळ्या नातेवाइकांकडून आला. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: पुण्याचा लक्ष्मी रोड म्हणजे पेशव्यांच्या काळची, अस्सल मराठी व्यापाऱ्यांची पेठ. दुपारी एक ते चार दुकान बंद ठेवणाऱ्यांनी बदलायचं नाकारलं, मॉल आणि ऑनलाइन खरेदीनं त्यांना संपवलं, आणि आता रस्त्यावर गाड्या बंद केल्या की उरलंसुरलं गिऱ्हाईकही जाईल.

माझं लहानपण या रस्त्यामागच्या बोळातल्या एका वाड्यात गेलं. मजकूर वाचून वाईट वाटलं ते त्यातल्या चुकांमुळे तर खरंच, पण जे खरोखर हरवलं त्याचा त्यात एका शब्दानंही उल्लेख नाही, यामुळे जास्त.

आधी पेशव्यांचं बघू. पेशवाईतला बाजार पेठांमध्ये होता. बुधवार, शुक्रवार, रविवार ही नावंच ते सांगतात. जुन्या पुण्याचे मुख्य रस्ते उत्तर-दक्षिण धावायचे. क्वार्टर गेटपासून अलका टॉकीज चौकापर्यंत, नाना पेठेतून निघून नारायण पेठेत उतरणारा हा पूर्व-पश्चिम रस्ता विसाव्या शतकात जुन्या वस्तीतून वाट काढत तयार झाला. बाजारही एका जागी बसून राहिलेला नाही. भाजीबाजार शनिवारवाड्यासमोर भरायचा, तो १८८६ मध्ये रे मार्केटात, म्हणजे आजच्या महात्मा फुले मंडईत गेला. मंडई बांधायचं ठरत होतं तेव्हा स्वतः जोतीराव फुले नगरपालिकेचे सदस्य होते आणि मंडईच्या इमारतीवर होणाऱ्या खर्चाला त्यांचा विरोध होता. सांगायचं इतकंच, की बदल आणि बदलावरचे वाद या भागाला नवे नाहीत.

‘सगळी दुकानं मराठी होती’ याला फार शब्द नकोत. रविवार पेठेत लक्ष्मी रोडला लागून बोहरी आळी आहे. आळीला ते नाव कालपरवा पडलेलं नाही. मारवाडी, गुजराती, फाळणीनंतर आलेले सिंधी, असे सगळे मिळून हा बाजार उभा राहिला. माझी आजी नऊवारी एका मराठी दुकानातून घ्यायची, भांडी बोहरी आळीतून, आणि दोन्हीकडे तितक्याच हक्कानं घासाघीस करायची.

आता ‘बदलले नाहीत’ हा आरोप. याच्यावर थांबून बोलायला हवं, कारण तो अन्यायाचा आहे.

एक ते चार दुकान बंद राहायचं, कारण मालक वरच्या मजल्यावर किंवा मागच्या वाड्यात राहायचा. सकाळी फळ्या काढून भवानी करायची, दुपारी घरी जेवायचं, चारला परत गादीवर, ते रात्रीपर्यंत. गिऱ्हाईकही पेठेतलंच, त्यालाही ती वेळ माहीत. ही एका वस्तीची घडी होती. मालक कोथरूडला, सहकारनगरला राहायला गेले, गिऱ्हाईक शहरभरातून येऊ लागलं आणि घडी बदलली. बाजीराव रस्त्यावरच्या चितळ्यांनी २०१७ मध्ये दुकान दुपारीही उघडं ठेवायचं ठरवलं तेव्हा त्याची बातमी झाली. पण मुख्य रस्त्यावरची कित्येक कपड्यांची दुकानं त्याच्या फार आधीपासून दुपारभर चालू असायची.

सराफांचं उदाहरण घ्या. सांगलीत १८३२ पासून सराफी करणाऱ्या गाडगीळांनी १९५८ मध्ये लक्ष्मी रोडवर दुकान काढलं. पाचच वर्षांत, १९६३ च्या जानेवारीत, सरकारनं सुवर्ण नियंत्रणाचे नियम आणले आणि चौदा कॅरटहून शुद्ध दागिने घडवायला बंदी केली. देशभर कारागिरांच्या भट्ट्या विझल्या. ती अट पुढे सैल झाली, पण १९६८ च्या कायद्यानं परवाने आणि नोंदवह्यांचा फास कायम ठेवला, तो थेट १९९० मध्ये सुटला. त्यानंतर २०१६ ची नोटाबंदी, २०१७ चा जीएसटी, २०२१ पासून सक्तीचं हॉलमार्क. एवढ्या उलथापालथीतून जे दुकान आज उभं आहे, त्याला ‘बदलायचं नाकारलं’ म्हणणं कितपत खरं?

कापडाचं तेच. पूर्वी तागा उलगडून कापड फाडून द्यायचे आणि ते घेऊन शिंप्याकडे जायचं. तयार कपड्यांनी तो धंदा आक्रसला. दुकानदारांनी तागे मागे सारले, हँगर पुढे आणले. वार जाऊन मीटर आला तरी पाचवारी-नऊवारी शब्द राहिले. रेडिओ, कॅसेट, घड्याळदुरुस्ती यांची दुकानं मात्र गेली, हे मान्य. ती कुठल्याही शहरात गेली.

मॉल आणि ऑनलाइनचा फटका बसलाच नाही, असं मी म्हणणार नाही. साधा शर्ट किंवा चप्पल घ्यायला कल्याणीनगरचा माणूस आता पेठेत येत नाही. पण लग्नाचा बस्ता बांधायला येतो. पैठणीचा पदर हाताखालून गेल्याशिवाय, मामी-काकू-आत्या यांनी तीन-तीनदा माना हलवल्याशिवाय खरेदी पुरी होत नाही. मुहूर्ताच्या दिवसांत कुठल्याही संध्याकाळी सोन्या मारुती चौकापासून कुंटे चौकापर्यंत चालून बघा आणि मग सांगा, रस्ता संपला का.

संपत आलेली गोष्ट वेगळी आहे: दुकानांच्या वरची माणसं. आमच्या वाड्यात नऊ बिऱ्हाडं होती. १९४७ च्या भाडे कायद्यानं भाडी गोठली. भाडेकरूंना त्याचा आधार होता, हे मी कधीच नाकारणार नाही, आम्ही स्वतः भाडेकरूच होतो. पण त्या भाड्यात मालकाला कौलं शाकारणंही परवडेना. वाडे खचले, पडले, विकले गेले. २००० मध्ये नवा भाडे नियंत्रण कायदा लागू झाला. त्यानं बँका आणि एक कोटी किंवा त्याहून अधिक भरणा भांडवल (भागधारकांनी प्रत्यक्ष भरलेलं भांडवल) असलेल्या कंपन्या यांना संरक्षणातून वगळलं. म्हणजे छोटा जुना दुकानदार जुन्या भाड्यावर टिकून राहिला, आणि मोठ्या कंपनीला बाजारभावानं भाडं भरणं किंवा जागा विकत घेणं भाग पडलं. एकाच इमारतीत दहा फुटी जुनं दुकान आणि शेजारी चार मजली झगमगाट दिसतो, त्यामागचं हे एक मोठं कारण. वरच्या मजल्यांवर मात्र बिऱ्हाडांच्या जागी गोदामं आणि कचेऱ्या आल्या. रात्री दहानंतर जिथे खिडक्यांतून रेडिओ ऐकू यायचा, तिथे आता अंधार असतो. मजकूर लिहिणाऱ्यानं याबद्दल हळहळ व्यक्त केली असती, तर मी तो पुढे पाठवला असता.

राहिली गाड्यांची गोष्ट. ११ डिसेंबर २०२१ ला महापालिकेनं पादचारी दिन म्हणून नगरकर तालीम चौक ते गरुड गणपती चौक हा पट्टा वाहनांसाठी बंद ठेवला. मी त्या दिवशी आईला घेऊन गेले होते. गुडघे दुखतात म्हणून एरवी रिक्षातून उतरायलाही घाबरणारी आई भर रस्त्याच्या मधोमध चालली आणि तिनं तीन दुकानांत खरेदी केली. गाडीतून जाणारा माणूस खरेदी करत नाही, तो जागा शोधत फिरतो आणि वैतागून निघून जातो. सप्टेंबर २०२४ मध्ये जिल्हा न्यायालय ते स्वारगेट भुयारी मेट्रो सुरू झाली, मंडईला स्थानक झालं. तिथून तुळशीबागेतून चालत लक्ष्मी रोडला यायला काही मिनिटं लागतात. गाडी घरी ठेवून येता येतं.

आणि हा रस्ता पायी चालणाऱ्यांचा होऊच शकत नाही, असं ज्यांना वाटतं, त्यांनी अनंत चतुर्दशीला बेलबाग चौकात उभं राहावं. मानाचे पाच गणपती याच रस्त्यानं अलका चौकाकडे जातात, सगळे पायी. दुसऱ्या दिवशी मिरवणूक संपली, गुलाल झाडून रस्ता धुतला, की दुकानांची शटरं पुन्हा वर जातात.