मुलाच्या कागदावर हात चालवू नये
'चांगला चित्रकार आपोआप चांगला कलाशिक्षक होतो' असं एका लेखात वाचलं, ते पटलं नाही. मुंबईच्या जे. जे. कला महाविद्यालयातून पेंटिंग शिकून परळच्या एका शाळेत लागलो तेव्हा मलाही तसंच वाटायचं. एलिमेंटरी या सरकारी चित्रकला परीक्षेच्या सरावाला स्मरणचित्र दिलं होतं, लोकलमधली गर्दी. एका पोराने माणसं काढलीच नाहीत. नुसत्या कड्या आणि त्यांना लटकलेले हात, एका मनगटावर राखी. मी पेन्सिल घेतली आणि खाली धडाधड डोकी काढून दिली. पोरगा काही बोलला नाही. पुढच्या तासापासून मात्र कोरा कागद धरून विचारायचा, 'सर, काय काढू?'

ती सवय मोडायला वर्ष गेलं. (त्याची नव्हे, माझी!) आता दाखवायचंच असेल तर वेगळ्या चिठोऱ्यावर रेघ मारतो. पालकांना इंटरमीजिएट या पुढच्या परीक्षेतल्या ए ग्रेडचे दहावीत मिळणारे ७ वाढीव गुण हवे असतात, ते दुखणं वेगळंच.