जेवताना तरी बंद करा तो टीव्ही!

रोज रात्री साडेआठला आमच्या घरी हाच तमाशा. ताटात कडक भाकरी, शेंगाचटणी, दही. आणि समोर टीव्हीवर ढिगाऱ्याखालून बाहेर काढलेलं पोर. तीच सात सेकंदांची क्लिप, लाल गोल करून, ढणढण संगीत लावून, वीस वेळा. काल ते चालू असतानाच बाबा म्हणाले, "चटणी सरकव जरा इकडं." आणि मी सरकवली! हात थांबलासुद्धा नाही. संताप येतोय तो त्याचाच.

सुझन सोंटॅग या अमेरिकन लेखिकेनं १९७७ सालीच लिहिलं होतं, की अशी छायाचित्रं बघून बघून मन बधिर होतं. २००३मध्ये तिनंच स्वतःच्या त्या मतावर शंका घेतली. असेलही. २०१५मध्ये तुर्कस्तानच्या किनाऱ्यावर बुडून मेलेल्या, पालथं पडलेल्या लाल शर्टातल्या सीरियन निर्वासित चिमुकल्याच्या फोटोनं जग हललं होतंच की. पण तो एक फोटो होता हो! इथं रोजचा रतीब आहे.

टीव्ही बंद केला तर मोबाइल. पुणे हायवेवर अपघात झाला की ॲम्ब्युलन्सच्या आधी व्हिडिओ ग्रुपवर. खाली "भावपूर्ण श्रद्धांजली", त्याखाली लगेच कुणाच्यातरी वाढदिवसाचा केक. परवा सात रस्ता चौकात एक आजोबा स्कूटरवरून पडले, तर चौघांनी आधी मोबाइल काढले. उचललं कुणी? भाजीवाल्या मावशींनी. त्यांच्याकडं साधा बटणांचा फोन आहे.

आजपासून जेवताना रिमोट माझ्या मांडीखाली. बाबा चिडतील. चिडू देत.