खुलासा : चंद्रपूरचा परकोट नव्याने बांधलेला नाही

चंद्रपूरचा गोंडकालीन परकोट, म्हणजे शहराभोवतीचा तट, स्वयंसेवकांनी ‘नव्याने बांधून काढला’, असा मेसेज फिरतोय. तसं झालेलं नाही. 2017 मध्ये इको-प्रो या स्वयंसेवी संस्थेच्या पोरांनी हाती घेतली ती स्वच्छता. तटावर, बुरुजांवर माजलेली झाडंझुडपं तोडायची, साचलेला कचरा उपसायचा. माझ्या मते हे मोल बांधकामापेक्षा तसूभरही कमी नाही. त्याच वर्षी ऑक्टोबरात ‘मन की बात’मध्ये त्यांच्या 200 दिवसांच्या श्रमदानाचा उल्लेख झाला.

डागडुजी मात्र पुरातत्त्व खात्याचं काम. संरक्षित वास्तूवर परवानगीशिवाय दुरुस्ती करता येत नाही. म्हणून कळकळीची विनंती, परकोटाचा जटपुरा दरवाजा असो की पठाणपुरा, उत्साहाच्या भरात कुठेही सिमेंट थापू नका. त्याने ओल आत कोंडते आणि जुना चुना भुसभुशीत होऊन दगड सुटतात.